भावाच्या खाटेजवळ मानलेले उपकार

दुष्काळाच्या वर्षी माझ्या तीन वर्षांच्या भावाला घटसर्प झाला. घशात पांढरा पडदा धरला आणि श्वासाला घरघर लागली. सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन नळी बसवली. मी दहाएक वर्षांची होते. त्या नळीकडं बघवत नव्हतं, आणि नजर काढली तर त्याचा श्वास थांबेल असंही वाटायचं.

शेजारच्या खाटेवर एका तेलुगू विणकरीण बाईची मुलगी होती, त्याच दुखण्यानं आलेली. ती तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत आणि माझी आई, दोघी एकमेकींना धीर द्यायच्या.

दुपारी वडील गिरणीतून थेट डबा घेऊन आले. जेवणाआधी त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रभू, हे लेकरू तू आम्हांला दिलंस, म्हणून तुझे उपकार मानतो."

पाहुण्याला निरोप देताना आभार मानतात तसं ते मला वाटलं. आपली तयारी आहे असं समजून देव त्याला घेऊन जाईल, या भीतीनं मी वडिलांचा हात ओढला. असं म्हणू नका, म्हणून रडू लागले.

"मलाबी भ्या वाटतंय," ते हळूच म्हणाले. "पर त्यो आपल्याला मिळाला, हे खरं हाय की. भ्यापायी ते कसं इसरू?"

मला ते पटलं नाही. मी डबा बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी विणकरीण बाईची मुलगी गेली. माझ्या भावाची नळी पुढं काही दिवसांनी निघाली. तो वाचला.

रविवारी चर्चमधल्या उपासनेत पाळकसाहेबांनी आईला साक्ष द्यायला, देवानं काय केलं ते सगळ्यांपुढं उभं राहून बोलायला सांगितलं. आई उठलीच नाही. बाहेर आल्यावर वडिलांना म्हणाली, "तिची पोर गेली. माझं वाचलं, हे उभी राहून कुठल्या तोंडानं सांगू?" मग भावाला कडेवर घेऊन ती तडक विणकरांच्या वस्तीकडं निघाली. मीही मागून निघाले. ती बाई शिव्याशाप देईल, असंच मनात येत होतं.

बाई उंबऱ्यात बसली होती. तिनं भावाकडं पाहिलं. मग हात पुढं केले. आईनं त्याला तिच्या मांडीवर दिलं. त्याच्या गळ्यावरची पट्टी बोटानं चाचपत तिनं विचारलं, "जेवतो का आता?"

"व्हय," आई म्हणाली आणि तिला टेकून बसली. दोघी रडू लागल्या.

बाईनं त्याला परत देईपर्यंत मी त्याचा पाय धरून उभी होते.