ओल्या भिंतीची सवय

बाबा पडले ते शिडीवरून नव्हे. शिडीवरून पडले असते तर त्यांच्या लेकीला निदान म्हणता तरी आलं असतं, की मी एवढे दिवस काय सांगत होते? पण पडले ते स्वतःच्या घरातल्या बोळकांडीत, सपाट फरशीवर, भर दिवसा. बोळकांडी एवढी अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावं लागतं. शेजारच्या शिंपीकाकांनी त्यांना उठवून बसवलं, कपाळावरचं टेंगूळ पाहिलं आणि विचारलं, "दोन्हीकडे भिंती आहेत, आडवं व्हायलासुद्धा जागा नाही. मग तुम्ही पडलात तरी कसे?" बाबांनी प्यायला पाणी मागितलं.

बाबा म्हणजे रंगारी. नुसतं रंगारी म्हणणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे, पण त्यांना स्वतःला दुसरा कोणताही शब्द चालत नसे. छत आणि भिंत जिथे मिळतात तिथली रेघ ते मोकळ्या ब्रशने ओढत, आणि ती अशी सरळ येई की बघणाऱ्याने मान वाकडी करून खात्री करून घ्यावी. चिकटपट्टी लावून रेघा मारणाऱ्यांना ते रंगारी मानायलाच तयार नव्हते. लोक त्यांच्यासाठी महिना महिना थांबत. भिंत घासून, भेगा-खड्ड्यांत लांबी भरून, पुन्हा घासून ते हाताच्या पंज्याने एकदा सगळीकडे चाचपून बघत, आणि रंगाचा पहिला हात बसला की त्यानंतर मात्र त्या भिंतीला कोणी शिवायचं नाही. घरमालकाने नाही, त्याच्या पोरांनी नाही, आणि खुद्द बाबांनी तर मुळीच नाही. सत्तरी उलटली तरी शिडीवर उभे राहिले की गुडघा पायरीला टेकवून असे निवांत काम करत, जणू खालीच उभे आहेत.

लेक पोस्टात खिडकीवर बसणारी. दिवसभर तिकिटं, मनीऑर्डरी आणि लोकांची कटकट. बाबा एकटे राहत, ती दोन गल्ल्या पलीकडे. आई गेल्यापासून रोज संध्याकाळी ती डबा घेऊन जायची आणि डब्याबरोबर तोच विषयही न्यायची. शिडी आता पुरे. बाबा जेवण संपेपर्यंत ऐकून घेत, ताट धुऊन ठेवत आणि सकाळी शिडी खांद्यावर टाकून चालू लागत. लेकीच्या बोलण्याचा त्यांच्यावर परिणाम होत नसे असं नाही. त्या दिवशी ते तिची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने जात.

पण या पडण्याने तिला धीर आला. मनगट सुजलं होतं, टेंगूळ निळं पडलं होतं, आणि पुरावा असा समोर असताना माणूस किती अडून बसणार? बाबा तरीही अडून बसले. शेवटी दोघांच्या हट्टातून एक करार निघाला. दवाखान्यात तोल आणि चालणं तपासतात, तिथे जायचं. बाबा पास झाले तर लेकीने शिडीचा विषय जन्मात काढायचा नाही. नापास झाले तर शिडी त्याच दिवशी विकायची. बाबांनी हे इतक्या चटकन मान्य केलं की लेकीला जरा शंका आली. आणि एक गोष्ट सरळ सांगून टाकावी: बाबा नापास व्हावेत असं तिला मनापासून वाटत होतं. बापाचं वाईट व्हावं म्हणून नव्हे. शिडीच्या पायथ्याशी पडलेले बाबा तिला झोपेत दिसत होते, म्हणून.

तपासणाऱ्या बाई फिजिओथेरपिस्ट होत्या. बाबांना तो शब्द जिभेवर वळेना, म्हणून पहिल्या पाच मिनिटांतच त्यांनी बाईंचं नाव कवायतबाई ठेवलं आणि बाईंनीही ते हसून चालवून घेतलं. खोलीत यंत्रबिंत्र काहीच नव्हतं. बिनहाताची एक खुर्ची, जमिनीवर चिकटवलेली एक पट्टी, एक सतरंजी आणि बाईंच्या हातातलं घड्याळ. लेकीला वाटलं, एवढ्याशा सामानात काय कळणार? कवायतबाईंना बहुधा हा चेहरा रोजच दिसत असावा. त्या म्हणाल्या की केस पिकतात, कातडी सुरकुतते, त्यावरून काही कळत नाही, पण माणूस खुर्चीतून कसा उठतो, कसा वळतो आणि एका पायावर किती वेळ उभा राहतो यावरून त्याचं म्हातारपण कुठवर आलंय ते बरंचसं कळतं.

मग कवायत सुरू झाली. हात छातीशी बांधून खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, अर्धा मिनिट, जितक्यांदा जमेल तितक्यांदा. बाबा सुरू झाले ते बाईंनी थांबा म्हटल्यावरच थांबले, आणि तेही नाराजीने. खुर्चीतून उठून पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. हे इतक्या झपाट्याने झालं की बाईंना घड्याळ नीट लावता आलं नाही आणि पुन्हा करून घ्यावं लागलं. सतरंजीवर मांडी घालून बसायचं आणि हाताचा आधार न घेता उठायचं. बाबा उठले, आणि उठता उठता सतरंजीची दुमडलेली कड पायानेच सरळ करून गेले. एका पायावर तर ते असे उभे राहिले की बाई समोरच्या कागदावर लिहीत बसल्या आणि त्यांना पाय खाली ठेवा सांगायचं विसरल्या.

लेकीचा चेहरा पडत चालला होता. आणि तरीही, खरं सांगायचं तर, तिची मान जरा ताठही होत होती. शेवटी बाप तिचा होता.

मग बाईंनी त्यांना भिंतीजवळ नेलं. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाची बोटं लावायची आणि त्या सरळ रेषेत उभं राहून डोळे मिटायचे. "तोल गेला तर बिनधास्त भिंतीला हात टेका," बाई म्हणाल्या, "ती त्यासाठीच आहे." बाबांनी डोळे मिटले. थोडा वेळ बरं चाललं आणि मग ते भिंतीच्या बाजूला झुकू लागले, तसं कोणीही झुकेल. पण भिंत वीतभर अंतरावर आली तसा त्यांचा हात तिच्याकडे जायच्या ऐवजी झटक्यात छातीशी आला, अंग दुसऱ्या बाजूला फेकलं गेलं, आणि बाईंनी धरलं नसतं तर ते दुसऱ्यांदा आपटले असते.

बाईंनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. हळूच खांद्याला धक्का देऊन बघितलं. हात छातीशी, अंग भिंतीपासून लांब. बाई गंभीर झाल्या. पायांत ताकद आहे, तोल वयाच्या मानाने उत्तम आहे, मग हे काय? तोल गेला की माणूस मिळेल त्याला धरतो, हे शिकवावं लागत नाही. त्यांनी बाबांना विचारलं, हात दुखतो का, नीट दिसतं का, चक्कर येते का. बाबा सगळ्याला नाही म्हणत गेले आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. आता त्यांच्या चेहऱ्यावरची ऐट गेली होती. लेकीला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

दुसऱ्या माणसाचा हात काय करतो ते ताडून बघावं म्हणून बाईंनी लेकीलाच उभं केलं. "ताई, तुम्ही या जरा. टाचेला बोटं लावा, डोळे मिटा." पोस्टातल्या खुर्चीने लेकीच्या पायांची जी काही वाट लावली होती ती लगेच उघडी पडली. डोळे मिटले न मिटले तोच ती भिंतीकडे कलंडली, आणि तिला स्वतःलाच कळलं की आपला हात भिंतीपासून लांब पळतोय. बाईंनी तिलाही बखोटीला धरून सावरलं.

लेक मटकन खुर्चीत बसली आणि हसायला लागली. हसू थांबेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"अहो, आमच्या घरात भिंतीला हात लावायचा नसतो," ती म्हणाली.

मग तिने बाईंना सगळं सांगितलं. बाबांच्या घरात कायम कुठली तरी भिंत ओली असायची. नवा रंग मिसळला की बाबा तो आधी घरीच लावून बघायचे. त्यामुळे कोणती भिंत सुकलेली आणि कोणती ओली हे कोणालाच ठाऊक नसायचं, आणि म्हणून सगळ्याच भिंती ओल्या धरून चालायचं. लहानपणी बोळकांडीत ठेच लागली की ती फरशीवर पडायची, पण भिंतीला हात लावायची नाही, कारण गुडघा फुटला तर आई फुंकर घालायची आणि भिंतीला हात लागला तर धपाटा मिळायचा. आणि कामावर बाबांच्या पायाशी डबे, फडकी, ब्रश. तिथे अडखळलं की अंग मोकळ्या बाजूला टाकायचं, स्वतः आपटायचं, भिंत वाचवायची. सगळा जन्म त्यांनी हेच केलं. तरुणपणी अंग टाकलं तरी लगेच सावरायचं. आता सावरायला उशीर होत होता, एवढाच काय तो फरक.

कवायतबाईंनी तो कागद बाजूला ठेवला आणि शिडीवर कसे उभे राहता ते बाबांना विचारून घेतलं. त्या म्हणाल्या की शिडीवर बाबा गुडघा टेकवतात, हाताने पायरी धरतात, म्हणून तिथे ते ठीक आहेत. धोका आहे तो जमिनीवर, भिंतीशेजारी. लेकीने वर्षभर ज्याच्यावर डोळे वटारले होते ती शिडी निर्दोष निघाली, आणि हे ऐकून बाबांनी लेकीकडे बघणं सभ्यपणे टाळलं. पण पास की नापास हे बाईंनी सांगितलं नाही. महिनाभर हाताला भिंतीची सवय करायची, तोवर एकट्याने काम करायचं नाही, आणि महिन्याने पुन्हा यायचं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बाबा कठड्याला धरून उतरले. मग स्वतःहूनच म्हणाले, "हाताने ऐकलं नाही तर शिडी मीच विकेन. तू काही बोलायची गरज नाही." लेकीला हे ऐकायला एवढे दिवस वाट बघावी लागली होती, आणि आता ऐकल्यावर मात्र तिला ते अजिबात नको होतं. भिंतीपुढे उभे नसलेले बाबा म्हणजे कोण, हे तिला ठरवता येईना.

घरी सराव सुरू झाला. बोळकांडीत एका पायावर उभं राहायचं, मुद्दाम कलायचं आणि पंजा भिंतीला टेकायचा. पहिले काही दिवस बाबा आधी हात साबणाने धुऊन यायचे. मग पंज्याऐवजी मूठ टेकवायचे, नाहीतर कोपर, नाहीतर एकच बोट, तेही चोरासारखं. टेकवून झालं की फडक्याने तेवढी जागा पुसायचे. लेक ओरडली की म्हणायचे, "अगं, डाग पडतो." तिने फडकं काढून घेतलं तर शर्टाच्या बाहीने पुसायला लागले. हाडात मुरलेली सवय या वयात मोडायला बसायचं, आणि तीही स्वतःची कला जिच्यावर उभी राहिली ती, हे सोपं नव्हतं. पण बाबा रोज उभे राहत होते. कंटाळत होते, चिडत होते, आणि तरी उभे राहत होते. हळूहळू पंजा टेकू लागला. पण ते मुद्दाम कलून, ठरवून. खरोखर पाय सरकला तर हात काय करेल, हे ना बाबांना ठाऊक होतं ना लेकीला, आणि दोघंही ते बोलून दाखवत नव्हते.

महिना भरायच्या आत ग्रंथालयाच्या वाचनदालनाचं काम आलं. उंच भिंती, मोठ्या खिडक्या, वर नक्षीची पट्टी. असं काम बाबा सोडणं शक्यच नव्हतं, आणि एकट्याने करायचं नाही असं ठरलेलं, म्हणून इतर दिवशी शिंपीकाका सोबत बसत, आणि शनिवारी दुपारी लेक पोस्टातून थेट तिथे गेली आणि दालनाच्या दुसऱ्या टोकाला बाकावर बसली. बाबांनी खिडकीजवळच्या भिंतीला शेवटचा हात दिला होता. शिडीवरून खाली उतरले. ब्रश डब्यावर आडवा ठेवला. भिंत कशी दिसते ते बघायला, मान मागे टाकून, एक पाऊल मागे आले.

जमिनीवर अंथरलेल्या कापडाची चुणी टाचेखाली आली.

लेक उभी राहिली खरी, पण मध्ये एवढं मोठं दालन होतं की धावून उपयोग नव्हता. बाबा तिरके झाले. एक पाय उचलला गेला, अंग गर्रकन वळून भिंतीकडे झुकलं. तिने त्यांचा हात छातीकडे जायला निघालेला पाहिला. मध्येच तो थांबला. आणि मग उघडा पंजा, पाचही बोटं पसरून, त्या ओल्या, चकचकीत, नुकत्या पुऱ्या झालेल्या भिंतीवर सपशेल बसला.

बाबा उभे होते.

ती पोचली तेव्हा ते तसेच होते, हात भिंतीला, श्वास चढलेला. मग त्यांनी हात सोडवला. भिंतीवर पंजा उमटला होता, अंगठ्यापाशी रंग ओघळून खाली निघाला होता. बाबा आपल्या तळव्याकडे बघतच राहिले.

"भिंत गेली," ते म्हणाले.

लेकीने त्यांचा तो रंगलेला हात दोन्ही हातांत धरला आणि स्वतःच्या पोस्टाच्या कपड्यांची पर्वा न करता छातीशी लावला. त्या क्षणी तिला आपल्या बापाचं जेवढं कौतुक वाटलं तेवढं त्यांच्या कुठल्याही सरळ रेघेचं कधी वाटलं नव्हतं. बाबांनी जरा वेळ तिला रडू दिलं. मग हात सोडवून घेतला, फडक्याला पुसला आणि भिंतीकडे वळले. एवढ्यापुरता रंग लावला तर ठिगळ दिसणार होतं. भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, वरपासून खालपर्यंत, पुन्हा करावी लागणार होती. तो पंजा तसाच राहू द्यावा असं लेकीच्या अगदी ओठांवर आलं, पण असलं काही बाबांना सांगण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी शिडी ओढून कोपऱ्याला लावली, पायरीवर पाय ठेवला आणि थांबले.

"जरा धर गं शिडी," ते म्हणाले. "वय झालंय आता माझं."

हे ते पहिल्यांदाच म्हणाले. लेकीने डोळे पुसले, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली, आणि बाबा वर चढले.