शीवचा पत्ता

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या मीटिंगमध्ये माझ्या सहीसाठी एक कागद येणार होता.

कागद तसा साधा. आमची संस्था क्षयरोगाच्या रुग्णांना दर महिन्याला धान्य-डाळीची पिशवी पोचवते. ज्यांचे पत्ते खोटे निघाले त्यांची नावं यादीतून काढायची, असा ठराव होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘संस्थेची फसवणूक’. परळच्या त्या चकचकीत इमारतीत मी आरोग्य-समानता विभागाची प्रमुख. दारावर तशी पाटीही आहे. माझ्या सहीशिवाय ठराव पुढे जाणार नव्हता.

आपणही एकदा असाच खोटा पत्ता दिला आहे, हे मी तिथे कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

या खुर्चीपर्यंत मी सरळ आलेली नाही. मैत्रीण कॉमर्सला गेली म्हणून मीही गेले. मग एका विमा कंपनीत लोकांचे दवाखान्याचे दावे नाकारायची नोकरी केली. त्यात फारच हुशार निघाले, म्हणून घाबरून सोडली. पोलिओच्या मोहिमेत खडू घेऊन दारोदार खुणा केल्या. तिथून क्षयरोगाच्या केंद्रात कंत्राटावर घरभेटीचं काम, पुढे हॉस्पिटलात समुपदेशक, आणि पस्तिशी उलटल्यावर सार्वजनिक आरोग्याची पदवी. कार्यक्रमात ओळख करून देणारे याला ‘प्रवास’ म्हणतात. मला विचाराल तर निम्मी वळणं मी भीतीपोटी घेतली.

त्यातलं सगळ्यात मोठं भय घरभेटीच्या दिवसांतलं. रुग्णाने नोंदवलेला पत्ता शोधायचा, गोळ्या घेतल्या की नाही बघायचं, हे माझं काम. कितीतरी पत्ते खोटे निघायचे. असा माणूस चुकून सापडलाच तर मी त्याला फाडून खायचे. “लाज नाही वाटत? तुमच्यासाठी आम्ही उन्हातान्हात तंगडतोड करायची!”

आणि मग आईला खोकला लागला.

आम्ही घोडपदेवच्या चाळीत राहायचो. आई दादरला चार घरी पोळ्या करायची. आमच्या घरात त्या चपात्या, तिथे पोळ्या. कुणी आडनाव विचारलं की ती हसून गावाचं नाव सांगायची आणि कणकेत पाणी ओतायची. आमच्या भिंतीवर कुणाची तसबीर आहे, हे त्या घरांना कधी कळलं नाही. पत्ता सांगितला की माणूस अर्धा कळतो, असं तिचं म्हणणं. अर्धाच पत्ता सांगायचं बाळकडू मला तिच्याकडूनच मिळालं.

तपासणीत क्षय निघाला. आमच्या भागातल्या केंद्रात नाव घातलं असतं तर माझीच कुणी सहकारी पिशवी लटकवून गॅलरीत आली असती. चाळीतल्या दोन बायका दादरला कामाला जायच्या. बातमी आईच्या आधी तिथे पोचली असती. म्हणून मी तिला शीवच्या केंद्रात नेलं, मावशीचा तिथला पत्ता लिहिला आणि दोन महिन्यांच्या गोळ्या एकदमच घेऊन आले. मावशी कायमची गावी गेली होती, फोन नंबरही तिचाच बंद पडलेला दिला. घरात मी आहेच, गोळ्या मीच देणार, मग कुणी येऊन बघायची गरज काय, असं मी स्वतःला समजावलं. अशी चूक फक्त घरभेटीवालीच करू शकते.

दर शनिवारी सगळ्या केंद्रांच्या बायका एकत्र बसायच्या आणि न सापडलेल्या रुग्णांची यादी वाचली जायची. त्या शनिवारी शीवच्या ताईंनी तिसरं नाव वाचलं ते माझ्या आईचं. त्या नावाची बाई माझी कोण, हे तिथे कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. ताई म्हणाल्या, “हिला नेहमीच्या गोळ्या लागू पडत नाहीत असा रिपोर्ट आलाय. औषधं ताबडतोब बदलायची आहेत. दीड महिना झाला, तीनदा जाऊन आले. चाळ पाडलीय, नुसते पत्रे ठोकलेत.”

“असेल कुठेतरी मजेत!” मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या.

मीही हसले. ते हसणं आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

दीड महिना मी रोज सकाळी आईच्या हातावर गोळ्या ठेवत होते, आणि त्यांचा काडीचाही उपयोग नव्हता. तरी सोमवारपर्यंत मी तोंड उघडलं नाही. बोलले तर कंत्राट जाईल, चाळीत बोभाटा होईल, आईची कामं सुटतील. न बोलले तर आई जाईल. इतकं उघड होतं, आणि तरी मला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी तिची प्रत्येक ढास कान देऊन ऐकली. ती तोंडाला पदर लावून मला विचारत होती, “तुझा चेहरा असा का गं झालाय?”

सोमवारी शीवच्या ताईंना त्यांच्या केंद्राबाहेर गाठून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “अक्कल गहाण टाकली होतीस का?” मग वहीतला पत्ता खोडून खरा लिहिला आणि हळूच म्हणाल्या, “कुणाला बोलू नकोस.” मी ते तंतोतंत पाळलं.

चाळीत न्यूमोनिया सांगितला, दादरला गावी गेल्याचं. कित्येक महिने इंजेक्शनं चालली. आई वाचली, पण त्या इंजेक्शनांनी तिचे कान गेले. इंजेक्शनं तशीही लागलीच असती, उशिराचा संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली. विश्वास मात्र आजवर बसलेला नाही.

तर त्या कागदाच्या आदल्या संध्याकाळी मी परळहून चालत घोडपदेवला गेले. आई अजून त्याच खोलीत राहते. ठराव अडवायला उद्या बोलायचं तर गोष्ट तिची होती, तिला विचारायलाच हवं होतं. ती गॅलरीत मेथी निवडत बसली होती. मी शेजारी टेकले.

“आई, उद्या मीटिंगमध्ये तुझं सांगू का?”

“काय?”

“तुझ्या आजाराचं.”

“कुणाच्या बाजाराचं? मोठ्याने बोल की.”

कानाचं मशीन नेहमीप्रमाणे डब्यात होतं. आत चल म्हटलं तर मेथी सोडून ती उठेना. शेजारीण दोरीवरचे कपडे काढत होती, पलीकडच्या दारात दोघी उभ्या होत्या. इतकी वर्षं जे या गॅलरीपासून लपवलं, ते आता याच गॅलरीत ओरडून सांगायचं होतं.

“तुला टीबी झाला होता! मी खोटा पत्ता दिला होता! ते उद्या सगळ्यांना सांगू का?”

शेजारणीचा हात दोरीवरच थांबला. कुणीतरी टीव्हीचा आवाज बारीक केला. आईने त्या बायकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मेथीची अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली.

“ओरडतेस कशाला? सांग की,” ती म्हणाली. “फक्त या टायमाला शीवचा पत्ता नको. इथला दे, खोली नंबर घालून.”