मरणाऱ्याला चेहरा कुणाचा?

युनूस गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टीलच्या मिलमध्ये भट्टीजवळ उभा होतो. पलीकडून त्याची धाकटी बहीण नसरीन बोलत होती. "भाईजान नहीं रहे..." एवढंच. दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या हृदय बंद पडलं. धड चाळिशीही ओलांडली नव्हती. मी जवळच्या दोघांना सांगितलं, तर त्यातला एक म्हणाला, "म्हनलो न्हवतो का? पिक्चरमधी मेला, मंग खराच मेला." काही आठवडे झाले, पण त्या वाक्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

जालन्यात युनूसचं छोटंसं दुकान होतं. कॉम्प्युटरवर चित्रं बनवायचा. साधी नाहीत, चहूबाजूंनी फिरवून बघता येणारी. अंबडच्या एकाला पाया खणायच्या आधीच त्याचं दुमजली घर दाखवलं, तेव्हा जिना चुकीच्या जागी आहे हे त्या माणसाच्या तिथंच ध्यानात आलं. बियाणेवाल्यांना मातीखाली मूळ कसं उतरतं ते करून दिलं. हाडांच्या एका डॉक्टरांसाठी गुडघा बनवला, पेशंटला ऑपरेशन समजावून सांगायला. "जिथं कॅमेरा जाऊ शकत न्हाई, तिथं आपून जातो," म्हणायचा. आणि लोक त्याच्याकडे काय मागायचे? वाढदिवसाच्या बॅनरवर नेत्याच्या मागे उडणारा गरुड. तो चिडायचा नाही. मीच चिडायचो.

मिलमध्ये नव्या कामगारांना शिकवायचं काम माझ्याकडे. ओलं भंगार वितळलेल्या लोखंडात पडलं की पाण्याची एकदम वाफ होते आणि रस उसळून अंगावर येतो. हे तोंडानं कितीही सांगा, माणसं माना डोलवतात आणि विसरतात. खरं करून तर दाखवता येत नाही. युनूसला म्हटलं, तू बनव. त्यानं भट्टी, भंगार, वाफ, सगळं हुबेहूब बनवलं. गाडी अडली ती रस अंगावर येऊन मरणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर. कॉम्प्युटरमधला तयार माणूस गोरापान, सोनेरी केसांचा. बघून सगळे हसले. आपल्यातलाच चेहरा हवा होता, पण मरणाऱ्याला चेहरा द्यायला एकही तयार होईना. "माझं तोंड नको बाबा, घरी लेकरंबाळं हायेत." जसा काही युनूस त्यांना खरोखरच भट्टीत घालणार होता. शेवटी वैतागून त्यानं स्वतःचाच चेहरा लावला. चालही स्वतःचीच दिली. डावा पाय जरा फाकवून, मधेच दंडाला कपाळ पुसत.

ती फिल्म लागली की टवाळखोरसुद्धा गप्प व्हायचे. मग भंगार उन्हात पसरून, हातानं चाचपून भट्टीकडे नेऊ लागले. आणि आता तो गेल्यावर सगळ्यांनी मिळून ठरवलं की फिल्मच अशुभ. मॅनेजर शिकलासवरला माणूस, तोही म्हणाला, "बंद करा सुभाषराव, लोक घाबरून राह्यलेत." घाबरावं म्हणूनच तर ती बनवली होती. पावसाळा तोंडावर आलाय, ओल्या भंगाराचे दिवस, नवी माणसं भरती झालीत... मी भांडलो. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एवढंच कबूल झालं, की चेहरा बदलला तर लावू. पुन्हा प्रश्न तोच, कुणाचा? माझा घ्या, म्हणालो. घरी हे सांगितलेलं नाही. हा लेख वाचून कळेल तेव्हा बघू.

नसरीन भावाशेजारी बसून हे काम शिकलेली. तिला भावाचा चेहरा पुसायला सांगणं मला फार जड गेलं. तिनं जुन्या फिल्मची फाईल वेगळी ठेवली. मग म्हणाली, "पुरानी वाली मेरे पास रहेगी." दुकानात चेहऱ्याचे फोटो काढायचं लोखंडी स्टूल अजून भिंतीलगत आहे. त्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला युनूस म्हणायचा, "हनुवटी वर. श्वास सोड." मी बसलो, आणि ती काही बोलायच्या आतच माझी हनुवटी वर गेली.

परवा तिनं फिल्म लावून दाखवली. पडद्यावर मी भट्टीकडे निघालो होतो... डावा पाय फाकवून, दंडाला कपाळ पुसत. तिनं फिल्म तिथंच थांबवली.

"चाल भी बदलूं क्या, सुभाषभाई?" तिनं विचारलं.

"अट चेहऱ्याची हाय," मी म्हणालो. "चालीची न्हाई."