दोन कपाटं, एकच नोंद

मॅट्रिक झाल्यावर अमरावतीच्या एका कचेरीत मला नोकरी लागली. आमच्या घरातली ती पहिलीच सरकारी नोकरी. काम जन्माच्या नोंदी लिहिण्याचं. पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या रेकॉर्डकीपरांनी चारशे पानांचं कोरं रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं.

"यात किती नावं मावतीन?"

एका पानावर तीस ओळी. मी झटकन गुणाकार केला. "बारा हजार."

"आदी आखून पाय," ते म्हणाले.

मी आखायला घेतलं. वर मथळा, शिवणीकडं समास, शेऱ्याचा रकाना, शेवटी अक्षरवार सूचीची पानं. नोंदींसाठी उरली जेमतेम दोन तृतीयांश जागा. एक अक्षरही न लिहिता एवढी जागा गेली कुठं, याचं मला नवल वाटलं.

पुढं सागवानी कपाटं आली, दोन. मी हरखले. आता दुप्पट रजिस्टरं राहतील!

"दुसऱ्यात याचीच नक्कल," ते म्हणाले. "तेही पलीकडच्या खोलीत."

"मंग जागा एकाचीच झाली नं! दोन काहून घेतले?"

त्यांनी दुसरं कोरं रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. जुन्या रजिस्टरांच्या नकला आधीच्या कारकुनानं केलेल्या होत्या; नवी प्रत्येक नोंद मी दोनदा लिहू लागले.

एका उन्हाळ्यात रविवारच्या सुट्टीत कपाटाशेजारचा पाण्याचा रांजण तडकला. सोमवारी पाहते तर खालच्या फळीवरची जुनी रजिस्टरं फुगलेली, शाई पसरून पानं निळी झालेली. मला रडूच आलं. रेकॉर्डकीपर मात्र पलीकडच्या खोलीत गेले आणि कोरडी नक्कल घेऊन आले.

त्याच आठवड्यात अकोल्याच्या जठारपेठेतून एक बाई आली. नर्सिंगच्या प्रवेशासाठी तिला जन्माचा दाखला हवा होता. नकलेत नोंद सापडली. ती वाचून बाई म्हणाली, "तारीख बराबर हाय, पण हे माह्या बापाचं नाव नाई."

उतरवताना चूक झाली असेल, असं मला वाटलं. मी भिजलेलं पान उन्हात धरलं. ती ओळ वाचता येत होती आणि तिथंही तेच चुकीचं नाव. आधीच्या कारकुनानं चूकसुद्धा इमानानं उतरवली होती!

मग मी माळ्यावरचे गठ्ठे सोडले; मूळ नोंदी ज्यांवरून व्हायच्या त्या चिठ्ठ्या तिथं होत्या. तिच्या जन्माच्या वेळी दवाखान्यातून आलेली चिठ्ठी मिळायला दोन दिवस लागले. बाई तोवर बडनेऱ्याला बहिणीकडं राहिली. चिठ्ठीवर नाव बरोबर होतं. साहेबांची सही घेऊन मी दोन्हीकडं दुरुस्ती केली. बाईनं दाखला दोनदा वाचला, बापाच्या नावावरून बोट फिरवलं आणि स्टेशनकडं निघाली.

दुसऱ्या दिवशी मी रेकॉर्डकीपरांना म्हटलं, "आता नक्कल रजिस्टरवरून नाई, चिठ्ठीवरूनच लिहू?"

"वेळ लय लागन," ते म्हणाले. आणि स्वतःच चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायला बसले.