आक्काच्या बाटलीतल्या तीन गोळ्या

धोंडीराम मुरगूडचा. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं मदतनीस. रोज सकाळी खाटकाकडून बोकडाचं मूत्राशय बर्फाच्या थर्मासमधून आणायचं, त्याच्या तोंडाजवळची पट्टी कापायची आणि मिठाच्या कोमट पाण्यात दोऱ्यानं टांगायची, हे काम त्याच्याइतकं सफाईनं कुणाला जमत नसे. तिथं शिकवणाऱ्या राजमती मॅडम जैन, घरात कांदासुद्धा शिजत नसे. पट्टीला हात लावण्याआधी त्या डोळे मिटून हात जोडत. धोंडीराम बौद्ध, तोही सोबत हात जोडी. बोकडाला एवढा मान जिवंतपणी काही मिळाला नसेल.

दोऱ्याचं दुसरं टोक एका सुईला बांधलेलं असे; पट्टी आकसली की काजळी धरलेल्या, फिरत्या ड्रमवर सुई वर चढे. मग मॅडम एक वायू विरघळवलेल्या पाण्याचे थेंब सोडत, आणि सुई अलगद खाली येई.

"हा वायू आपलं शरीरच बनवतं, धोंडीराम. नसेच्या टोकातून सुटतो, क्षणभर जगतो. पण तेवढ्यात स्नायूला सैल पडायला सांगून जातो. मूत्राशयाचं तोंड उघडतं ते असं."

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, धोंडीरामचं मात्र उघडत नव्हतं. मुतारीत तो इतका वेळ उभा राही की बाहेरून क्लार्क गणपतराव ओरडे, "काय रं, आत बदली झाली व्हय तुझी?"

"व्हय की, ऑर्डर आलीया!"

उत्तर झोकात जाई, पण कपाळावर घाम असे. एक थेंब, मग थांबणं, मग पुन्हा थेंब. दवाखान्यात गेलं तर कापतील, ही धास्ती. कात्री कशी चालते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? बायकोला, बनाबाईलाही त्यानं पत्ता लागू दिला नव्हता.

एके दिवशी मॅडम विद्यार्थ्यांना म्हणाल्या, "छातीत कळ आली की जिभेखाली गोळी ठेवतात ना? तिच्यातूनही शरीरात हाच वायू सुटतो."

धोंडीरामचा हात दोऱ्यावर थबकला.

घरी त्याची थोरली बहीण होती, आक्का. हृदयाची पेशंट. तिच्या कमरेच्या चंचीत त्या गोळ्यांची बाटली असे. "माझा जीव हाय रं त्यात," म्हणायची.

शनिवारी आक्का आंघोळीला गेली तेव्हा त्यानं खुंटीवरची चंची उघडली. तीनच गोळ्या. येताना नव्या आणू, असं म्हणून त्यानं तिन्ही खिशात टाकल्या आणि बाटली होती तशी ठेवून दिली.

दुपारपर्यंत पोट दगडासारखं झालं. कॉलेजच्या मुतारीचं दार लावून त्यानं पहिली गोळी जिभेखाली धरली. डोक्यात हातोडे पडू लागले. खाली काहीच नाही. दुसरी ठेवली. मग तिसरी. भिंत हलली. शेजारच्या खोलीत ड्रम फिरत होता. त्याला वाटलं, सुई खाली निघालीय, आणि तिला कुणी थांबवत नाही.

बाहेरून गणपतरावानं हाक मारली. आज आतून उत्तर आलं नाही.

शुद्ध आली ती दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर. नळी घातली होती, अर्धी बादली भरली होती, आणि कुणी काही कापलं नव्हतं. एवढ्यासाठी वर्षभर घाम गाळला! उशाशी राजमती मॅडम बसल्या होत्या.

"अहो, प्रोस्टेटच्या वाढलेल्या गाठीनं दाबलेली वाट गोळीनं कशी उघडेल? त्या वायूनं आधी रक्तवाहिन्याच सैल केल्या. रक्तदाब पार तळाला गेला होता तुमचा. कुणाच्या होत्या गोळ्या?"

"आक्काच्या."

"तिच्यासाठी ठेवल्यात ना थोड्या?"

धोंडीरामनं मान फिरवली, आणि दारात आक्का दिसली. बातमी ऐकून तीन जिने चढून आलेली. ओठ निळसर पडले होते.

"काय करून घेतलंस रं लेकरा," म्हणत तिनं एक हात छातीवर दाबला. दुसरा चंचीत गेला. बाटली निघाली. तिनं ती कानाजवळ नेऊन हलवली.

आवाज आला नाही.

"मॅडम, गोळी! तिला गोळी द्या आधी!" धोंडीराम नळीसकट खाटेवरून खाली उतरत होता.