अकरा देशांचे शिक्के

बँकेच्या बदलीने मी नाशिकहून कोलकात्याला आलो, त्याला चार वर्षं झाली. इथल्या बेहाला भागात गाडी दुरुस्तीला नेली, त्या गॅरेजात तो भेटला. मोटारसायकलवर अकरा देश पालथे घालून आलेला! माझ्या पोटात अकरा ठिकाणी जळलं.

तान्ह्या बाळाचं दुपटं सोडावं तसं प्लास्टिक सोडून त्याने परवान्यांची वही दाखवली. प्रत्येक देशात गाडी नेल्याचा एक शिक्का, बाहेर काढल्याचा दुसरा.

"मी तर चंद्रावर जाऊन आलोय," मी ठोकून दिलं. "शिक्क्यांसाठी थांबतो कोण?"

"बाहेरचा शिक्का नसेल तर दादा, कागदावर गाडी तिथेच राहते." मग माझ्या गाडीची नाशिकची नंबरप्लेट पाहून त्याने हळूच विचारलं, "गाडी राज्याबाहेर न्यायची महाराष्ट्राच्या आरटीओची एनओसी आणलीत?"

आणली नव्हती. तो अकरा देशांतून सुटला होता. माझी गाडी अजून नाशिकमध्येच होती.