निखाऱ्यातली दुसरी सुरी

माझ्या हातून आयुष्यात बरीच नासधूस झाली, पण त्यातली सगळ्यात मोठी मी मांडी घालून, गूळ-शेंगदाणे खात आणि लोकांच्या शाबासक्या घेत केली. म्हणून तीच आधी सांगून टाकतो.

एकोणीसशे पन्नासनंतरची सालं. पिंपरीच्या माळावर औषधांचा कारखाना नुकताच सुरू झाला होता आणि मी तिथं लागलो होतो. माझं सासर कुरुळीचं. तिकडं असा समज की जावई औषधं बनवतो. जावई बाटल्या धूत होता. सोड्याच्या गरम पाण्यात एकदा, साध्या पाण्यात दोनदा, मग वाफेवर. आमचे साहेब रोज सकाळी तेच ते सांगायचे, की एक बाटली न धुता पुढं गेली तर सगळा माल गेला समजा. मी मान डोलवायचो, कोपरापर्यंत हात धुवायचो, आणि हे सगळं शहाणपण कारखान्याच्या फाटकाशी ठेवून घरी यायचो.

पहिला दिवाळसण होता. सायकल हाणत मोशीची नदी ओलांडून कुरुळीत पोचलो. दिवाळसणाच्या जावयाला काम काहीच नसतं. त्याला घोंगडीवर बसवतात, चारतात, आणि गावातली माणसं "काय पाव्हणं, बरं हाय का?" म्हणत येऊन बघून जातात, नवी म्हैस आणली की बघतात तशी. दुसरं असं, की त्या चार दिवसांत जावयाला कुणी 'नाही' म्हणत नाही. तो म्हणेल ते खरं. माझ्यासारख्या माणसाच्या हातात एवढी सत्ता द्यायला नको होती.

भाऊबीज झाल्यावर मळ्यात बटाट्याचं बेणं कापायला घेतलं. बसून बसून माझं अंग आंबलं होतं. उठलो आणि मळ्यात गेलो.

चिंचेखाली सासऱ्यांच्या घरच्या पाच-सहा बायका बसल्या होत्या. बटाटा घ्यायचा, प्रत्येक फोडीला दोन डोळे येतील असा कापायचा आणि टोपलीत टाकायचा. मधोमध माझ्या बायकोची आत्या. माझ्या सासऱ्यांची ही थोरली बहीण लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली होती. तिच्या बापानं जाताना मळ्याच्या खालच्या अंगाला वीस गुंठ्यांचा पट्टा तिला दिला होता. त्याच पट्ट्यात तिची खोपी, तिची चूल, तिचा बटाटा. भाऊ दर साली म्हणायचा, "आक्का, आता पुरं झालं. घरात ये, पोरं सांभाळ, बसून खा." आक्का म्हणायची, "यंदाचा बटाटा निघू दे, मंग बघू." असं बघता बघता वीस वर्षं गेली होती.

तिच्याजवळ निखाऱ्यांची शेगडी होती आणि प्रत्येक बाईजवळ दोन सुऱ्या. एक हातात, दुसरी निखाऱ्यात. मध्येच एखादा बटाटा कापला की सालीच्या आतल्या अंगाला तपकिरी कडं दिसायचं, मनगटातल्या बांगडीसारखं गोल. तो बटाटा लांब फेकायचा, हातातली सुरी निखाऱ्यात खुपसायची आणि तिथली तापलेली बाहेर काढायची. ती निवेपर्यंत गप्प बसायचं. मग पुढचा बटाटा.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"ह्याला बांगडी म्हनत्यात, पाव्हणं," आत्या म्हणाली. "रोग हाय. सुरी इटाळती."

विटाळ म्हटल्याबरोबर माझ्यातला कारखान्याचा माणूस जागा झाला. नको तेव्हा.

"आत्याबाई, आता तरी हे सोडा. लोखंडाला कसला आलाय विटाळ?"

"सुरीवरनं जाती ती. फाळावरनं जाती, पान्यावरनं जाती."

"तिला पाय आहेत का?" मी म्हणालो. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हसणारे मिळाले की मला ब्रेक लागत नाहीत, हा जुनाच दोष. मी खिशातला चाकू काढला. पुण्यात जुन्या बाजारात घेतलेला, घडीचा, गोऱ्या सोजिराचा म्हणून विकलेला. "सडका बटाटा बाजूला टाका आणि पुढं चला. सुरी निवायची वाट बघत बसलात तर लावणी शिमग्यापर्यंत चालेल."

माझ्याच वयाचा मेहुणा चेकाळला. "दाजी, लावा पैज!"

पैज लागली. मी असा काही कापत सुटलो की टोपल्यांवर टोपल्या भरल्या. बांगडीवाला आला की भिरकावायचा आणि त्याच चाकूनं पुढचा कापायचा. आत्यानं एकदा बांधावर उभ्या भावाकडं पाहिलं. सासऱ्यांची मोठी पंचाईत झाली. जावई, त्यातून दिवाळसणाचा, त्यातून औषधवाला.

"ऱ्हाऊ दे आक्का," ते म्हणाले. "शिकल्यालं मानूस हाय. घ्या ती शेगडी बाजूला."

शेगडी बाजूला गेली. आत्या उठली. आपल्या दोन सुऱ्या घेतल्या, आपल्या बेण्याची पाटी डोक्यावर घेतली आणि खाली आपल्या खोपीकडं चालू लागली. मी मागून ओरडलो, "आत्याबाई, तुमचंही कापून देतो की!"

"नगं," ती म्हणाली. "तुमी पाव्हणं. दमाल."

पैज मी जिंकली. पैजेचे गूळ-शेंगदाणे मिळाले.

संक्रांतीला बायको माहेरी गेली होती. तिला आणायला मी सणानंतर तिसऱ्या दिवशी गेलो. सकाळी चहा घेऊन, आपला बटाटा कसा आलाय ते बघू म्हणून एकटाच मळ्यात शिरलो. पीक गुडघ्याला लागत होतं, हिरवंगार. आणि त्या हिरव्यातच मधूनमधून झाडं माना टाकून उभी होती. पिवळी नाहीत, वाळलेली नाहीत. हिरवीच्या हिरवी, पण उकळत्या पाण्यात बुचकळून काढल्यासारखी.

पाण्याची ओढ असेल, असं मी मनाशी म्हणालो. पण खालची माती ओली होती.

एक झाड उपटलं. मुळाशी लिंबाएवढे बटाटे लोंबत होते. खिशातून तोच चाकू काढला आणि एक कापला. आत बांगडी. दाबली तर त्या कड्यातून दुधासारखा थेंब वर आला. दुसरं झाड उपटलं. तिसरं. मळ्याच्या शेवटी खालच्या पाच सऱ्यांत तर दर चार-पाच झाडांत एक. मी चाकूच्या पात्याकडं बघत उभा राहिलो. आमच्या साहेबांची न धुतलेली बाटली माझ्या हातात होती, आणि ती मी टोपल्यांवर टोपल्या वापरली होती.

अशा वेळी शहाणा माणूस काय करतो ते मला माहीत नाही. मी ती उपटलेली झाडं घाईघाईनं बांधावरच्या काटेरी कुंपणाखाली कोंबली.

तेवढ्यात विहिरीवर मोट कुरकुरली. सासरे बैलांना हाळी देत होते. आज पाण्याची पाळी कुणाची, ते खाली बघताच कळलं. आत्या हातात फावडं घेऊन आपल्या पट्ट्याच्या तोंडाशी उभी होती. विहिरीचं पाणी पाटानं मळ्याच्या कडेकडेनं यायचं आणि त्याच शेवटच्या पाच सऱ्यांतून वाहत तिच्या पट्ट्यात उतरायचं. तिचं बेणं तिनं स्वतः कापलं होतं, दोन सुऱ्यांनी, निखाऱ्यावर. तिच्या पट्ट्यातली झाडं ताठ होती.

पान्यावरनं जाती.

मोटेचं पाणी थारोळ्यात धबकन पडल्याचं ऐकू आलं. मग पाटात पाण्याचं तोंड दिसलं. कोरड्या पाटातलं पाणी धावत नाही, ते चाचपडत येतं. पुढं फेस, फेसावर चिंचेचा पाला, एखादा मुंगळा. मी त्याच्या बाजूनं चालू लागलो. चालता चालता वाक्य जुळवत होतो. "मामा, जरा मोट थांबवा." का? "मामा, तो बटाटा..." कुठला बटाटा? प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो घडीचा चाकू येऊन उभा राहायचा.

पाणी निम्म्यावर आलं. शेवटी मी ओरडलो, "मामा! पाटात साप हाय!"

वरून सासऱ्यांचा आवाज आला, "असू द्या! पानी पिऊन जाईल त्यो!"

पुन्हा मोट रिकामी झाली. मागून आलेल्या लोंढ्यानं फेसाला पुढं ढकललं. त्या पाच सऱ्यांना पंधरा पावलं राहिली. दहा. खालून आत्या हाक मारत होती, "आलं का गं बाई पानी?" कुणाला विचारत होती कोण जाणे, बहुतेक पाण्यालाच.

सहा पावलं राहिली तेव्हा मी पाटात उडी मारली. फावडं नव्हतं. दोन्ही हातांनी पाटाची कड उकरली. माती घट्ट होती, नखं उलटली. शेवटी टाचांनी लाथा मारून मारून कड फुटली आणि पाणी भसकन शेजारच्या पडीक तुकड्यात शिरलं. तरी एक जीभ पुढं सरकतच होती. तिच्या आडवा मी चक्क बसलो. सणाचं नवं कोरं धोतर, खाली चिखल, आणि पाठीला पाणी धडका मारतंय.

मोट थांबली. सासरे हातात आसूड तसाच घेऊन धावत आले, मागून मेहुणा.

"दाजी, याड लागलं का?"

"आक्काच्या पाळीचं पानी हाय ते!" सासरे म्हणाले. त्यांचा माझ्यावर पहिल्यांदाच आवाज चढला होता. "बिचाऱ्या बाईचं पानी पडकात सोडता?"

आत्याही वर आली. मी बसलेला, ती उभी. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग त्या पाच सऱ्यांकडं. माना टाकलेली झाडं तिला दिसलीच असणार, पण मी काय सांगतो याची ती वाट बघत होती. अजूनही सुटता आलं असतं. साप चावला म्हणायचं आणि आडवं पडायचं, हे मनात येऊन गेलं, खोटं कशाला सांगू?

"मामा, पाणी पुढं जाऊ देऊ नका," मी म्हणालो. "बांगडी आहे. माझ्या चाकूनं लागलीय. झाडं कुंपणाखाली लपवलीत बघा."

मेहुण्यानं झाडं ओढून काढली. आत्यानं कापलेला बटाटा घेतला, अंगठ्यानं दाबला, थेंब पाहिला आणि भावाच्या हातात दिला. सासरे तो बटाटा धरून आपल्या सबंध मळ्याकडं बघत राहिले. त्यांनी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

"फुडं पानी शिवलं का?" आत्यानं मला विचारलं.

"नाही. इथंच अडवलं."

"मागल्या पाळीला गेलं असंल तर गेलं. आजचं तरी ऱ्हाईल." मग तिनं फावडं माझ्यापुढं टाकलं. "मंग बसलाय काय अंडी उबवल्यागत? उठा, नवा पाट काढायचा हाय."

नवा पाट काढायचा तर वरच्या बांधाला वळसा घालून, सासऱ्यांच्या घाट्यावर आलेल्या हरभऱ्यातून. सासऱ्यांनी एकदा हरभऱ्याकडं पाहिलं, कुदळ मागवली आणि पहिला घाव स्वतः घातला. दुपार कलेपर्यंत आम्ही तिघांनी खांदलं. मला तर घोंगडीवर बसायची सवय. तळहात फुटले. बायको जेवण घेऊन आली, माझं धोतर पाहिलं आणि म्हणाली, "आजून काय काय धुवायला शिकवत्यात तुमच्या कारखान्यात?"

पाणी आत्याच्या पट्ट्यात उतरलं तेव्हा उन्हं तिरपी झाली होती.

त्यानंतर तीन आठवडे मी दर सुट्टीला सायकल मारत कुरुळीला जायचो. सासऱ्यांच्या अंगणात न थांबता सरळ खाली. आत्या आधीच सरीत असायची. दोघंही सरीसरीनं फिरायचो. दुसऱ्या आठवड्यात तिच्या पट्ट्याच्या अगदी तोंडाशी दोन झाडांनी मान टाकली. आत्यानं ती मुळासकट उपटली, भोवतालची मातीही पाटीत भरली आणि सगळं चुलीत घातलं. मग आम्ही वाट बघितली. तिसरं झाड पडलं नाही.

तिचा बटाटा निघाला. सासऱ्यांचा निघाला तो निम्मा कुजलेला, उरलेला महिन्याभरात आरणीत, पाल्याखाली रचलेल्या ढिगात, नासला. त्या रानात पुढं तीन वर्षं बटाटा लावायचा नाही, वांगं-मिरचीसुद्धा नाही, असं आत्यानंच सांगितलं. तिथं बाजरी आली. भाऊ पुढं तिला "घरात ये" म्हणाला की ती म्हणायची, "येते की. बेणं कोन देनार तुला?" कारण कुरुळीच्या त्या मळ्यात निरोगी बेणं आता फक्त तिच्यापाशीच होतं.

पुढच्या दिवाळीला सासऱ्यांनी विहिरीपलीकडच्या दुसऱ्या तुकड्यात बटाटा घेतला, बहिणीच्या बेण्यावर. कापायला पुन्हा चिंचेखाली बायका बसल्या. मी घोंगडीवरून उठलो आणि कुणी न बोलावता तिथं गेलो. कुणी हसलं नाही, पण सगळ्यांचे पदर तोंडाशी होते.

"चाकू आनलाय का?" आत्यानं विचारलं.

"नदीत टाकला."

"बरं केलं. बसा हितं." तिनं शेगडी माझ्यासमोर सरकवली. "निखारा इझू द्यायचा न्हाई. मागंल तिला सुरी द्यायची. येवढं जमंल ना औषदवाल्याला?"

मी फुंकणी घेऊन बसलो. डोळ्यांत धूर, नाकात राख. मेहुणा जाता-येता "दाजी, लावायची का पैज?" म्हणून जात होता. एवढ्या निवडक बेण्यातही कुणाला तरी एक बांगडी सापडली. तिनं आपली सुरी माझ्यासमोर टाकली, मी निखाऱ्यातली दुसरी चिमट्यानं उचलली आणि पुढं केली.

"थांबा," आत्या म्हणाली. "तापलीया का?"

"तापलीय, आत्याबाई."

"तुमचं ऐकून एकदा झालंय आमचं." तिनं तांब्यात बोट बुडवलं आणि पात्यावर पाण्याचा एक थेंब झटकला.

चर्र झालं.

"हां," ती म्हणाली, "आता द्या."